वर्ष संपलं, पण निकाल कुठंय?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि टपालात होमस्कूलिंगवाल्यांचीच गर्दी आहे, तीही बहुतेक सोलापूरचीच. एप्रिल सरत आला की शाळेतल्या पोरांचे निकाल लागतात आणि इकडे घरी शिकवणाऱ्या आयांच्या पोटात गोळा येतो, कारण आता जो तो विचारणार. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही विजापूर रोडला राहतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ ची. दोन वर्षं झाली घरीच शिकवतो, ख्रिस्ती क्लासिकल पद्धतीनं, अभ्यासक्रम अमेरिकेतला आहे, त्यात लॅटिन, भरपूर पाठांतर, बायबल, इतिहासाची टाइमलाइन असं सगळं. आता वर्ष संपवायचंय. मुलं विचारतात आपलं गॅदरिंग कधी, कारण चुलत भावंडांचं शाळेत झालं आणि ती स्टेजवर नाचली. ह्यांचं म्हणणं, ऑनलाइन टोपी-गाऊन मागवू आणि दोघांचा पदवीदान समारंभ करू. सासूबाई दिवसातनं एकदा तरी विचारतात, "निकाल कुठंय गं? लोकांना कितवी पास झाली म्हणून सांगायचं?" आणि खरं सांगू का, गणिताचं पुस्तक पाऊणच झालंय, लॅटिनचे सहा धडे राहिलेत. अशात सेलिब्रेशन करायचं म्हणजे मलाच खोटं खोटं वाटतं. काय करू?

उत्तर: आधी पुस्तकाचं बघू, कारण तुमची खरी टोचणी तिथंच आहे, टोपी-गाऊन नंतर. तिकडचे अभ्यासक्रम साधारण ३६ आठवडे, १८० दिवस असं धरून आखलेले असतात, आणि ते आखणाऱ्याला आपली गड्ड्याची जत्रा माहीत नसते, दिवाळीला येऊन आठ दिवस राहणारे पाहुणे माहीत नसतात, लग्नसराई माहीत नसते, आणि दुपारी लाईट गेली की मुलांचं डोकं कसं बंद पडतं तेही माहीत नसतं. त्यामुळं पुस्तक राहिलं म्हणजे वर्ष बुडालं असं काही नाही. शाळेतसुद्धा शेवटचे दोन धडे "घरी वाचून घ्या" म्हणूनच संपतात, आपण सगळ्यांनी बघितलंय की ते. फक्त सगळ्या विषयांना एकच माप लावू नका. गणित आणि लॅटिन एकावर एक रचत जायचे विषय आहेत, ते जिथं सोडले तिथूनच जूनमध्ये उचलायचे, मधले धडे गाळून नवीन पुस्तकावर उडी मारायची नाही. इतिहास-भूगोलातलं राहिलं असेल तर राहू दे, या पद्धतीत तेच कालखंड काही वर्षांनी फिरून परत येतात, तेव्हा मुलं मोठी झालेली असतात आणि जास्त खोलात जातात. तर एक तारीख ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा आणि त्या दिवशी वह्या बंद. "एवढा धडा झाला की मग" असं करत बसलात तर मृग लागेल आणि मुलांना सुट्टी लागली असं वाटणारच नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही.

आता कार्यक्रम. शाळेच्या गॅदरिंगची नक्कल करायच्या भानगडीत पडू नका, दोन मुलांत ते केविलवाणं दिसतं. तुमच्याकडे वेगळा माल आहे, तो दाखवा ना! क्लासिकल पद्धतीत तीन टप्पे धरतात, आधी व्याकरणाचा म्हणजे पाठांतराचा, मग तर्काचा, मग वक्तृत्वाचा. इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स बाईंनी १९४७ साली ऑक्सफर्डला जे भाषण केलं त्यावरनं हल्लीची बरीचशी ख्रिस्ती क्लासिकल चळवळ उभी राहिली, त्यात त्यांनी पहिल्या टप्प्याला गमतीनं पोपटाचं वय म्हटलंय आणि दुसऱ्याला उलट बोलण्याचं. तुमची ७ वर्षांची आत्ता पोपटाच्या वयात आहे, ११ वाला उलट बोलण्याच्या उंबऱ्यावर (हे तुम्हाला मी सांगायला नको, रोज अनुभवत असाल). तेव्हा दोघांना एकाच तराजूत घालून एकसारखं म्हणायला लावू नका. धाकटीला धडाधड म्हणू दे, मोठ्याला वाद घालू दे.

म्हणजे कसं बघा. धाकटी लॅटिनचं पहिलं रूप म्हणून दाखवेल, मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम, मेन्सा, ते एका तालात म्हणायला तिला मजा येत असणार. कुणीतरी आत्या म्हणेलच की ही नुसती पोपटपंची झाली. म्हणू दे. लगेच मोठ्यानं उठायचं आणि घरात जे कुणी शाळेत संस्कृत शिकलेले असतील, आजोबा, काका, कुणीही, त्यांना म्हणायचं की तुम्ही रामः रामौ रामाः म्हणा. साठीतल्या माणसालासुद्धा ते येतं, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. मग पोरानं विचारायचं की तुमच्यात मधलं "रामौ" कुठनं आलं, आमच्या लॅटिनमध्ये तर एकवचन आणि अनेकवचन एवढंच आहे. संस्कृतमध्ये द्विवचन आहे, आठ विभक्त्या आहेत, लॅटिनमध्ये पाठ करायला लावतात त्या मुख्य पाच, तर कुठली विभक्ती कुठं गेली ते त्यानं फळ्यावर मांडायचं. इथं पोपटपंचीचा आरोप आपोआप गळून पडतो, आणि आजोबांनाही वाटतं की हे काहीतरी परदेशी खूळ नाही, आपल्या ओळखीचंच आहे.

पाठांतरात एक गोष्ट मात्र मी हट्टानं सांगीन, निम्मं तरी मराठीत असू द्या. अभ्यासक्रम इंग्रजीतला म्हणून मुलं बायबलमधलं स्तोत्र २३ सुद्धा इंग्रजीत म्हणतात आणि आजीला ओठ हलवायलाही जागा राहत नाही, हे मला बघवत नाही. प्रभूची प्रार्थना धाकटीनं लॅटिनमध्ये म्हणायची, पातेर नोस्तेर, आणि ती संपली की सगळ्यांनी उभं राहून मराठीत, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". मोठ्याला फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या चार-पाच ओव्या द्या. १६१६ साली छापलेलं, दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्ती काव्य आपल्या भाषेत आहे आणि ते लिहिणारा इंग्लंडहून आलेला जेझुइट होता, म्हणजे क्लासिकल आणि ख्रिस्ती आणि मराठी तिन्ही एका जागी. ह्याहून जास्त काय पाहिजे? भाषा जुनी आहे, अर्थ लावताना घाम फुटेल, पण वर्षभर लॅटिन लावलेल्या पोराला चार ओव्या जड नाहीत.

टाइमलाइनसाठी चार्ट-बिर्ट विकत आणू नका. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी असते ना, त्याच दोरीला चिमट्यांनी कार्डं लावायची. ३१३ कॉन्स्टंटाईनच्या काळात ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, १२१५ मॅग्ना कार्टा, १५१७ ल्यूथर, १६१६ ख्रिस्तपुराण, १६३० शिवनेरीवर महाराजांचा जन्म, आणि आपल्या गावाचं १२ जानेवारी १९३१, चार हुतात्म्यांची फाशी. अभ्यासक्रमात शेवटची तीन नसणार, ती तुम्ही घालायची. कार्डं मुद्दाम उलटसुलट करून टोपलीत ठेवा आणि पाहुण्यांनाच लावायला सांगा. शिवाजी महाराज आधी का ल्यूथर आधी यावर मोठी माणसं कशी अडखळतात बघा, आणि तुमची सात वर्षांची जाऊन "काका, ते तिकडं" म्हणून चिमटा काढून योग्य जागी लावते, त्या क्षणाला सासूबाईंना निकाल दिसेल.

सासूबाईंवरनं आठवलं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. त्यांना सांगा की तुम्ही परीक्षक, वह्यांमधनं कुठलंही पान उघडा आणि विचारा. जूनमधलं पहिलं पान आणि एप्रिलमधलं शेवटचं पान शेजारी शेजारी उघडून ठेवा म्हणजे अक्षरातला फरक सांगावा लागणार नाही. आणि शाळेत न जाता काय होणार असं फारच लावून धरलं तर पंडिता रमाबाईंचं नाव काढा. आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन माहीत असतंच. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, घरी म्हणावं तर घरही एका जागी नव्हतं, सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत फिरत होतं. भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन पंडिता म्हटलं, आणि पुढं ख्रिस्ती झाल्यावर हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. अर्थात तुमची मुलं रमाबाई होतील असं वचन सासूबाईंना देऊ नका, उगाच अंगाशी येईल.

टोपी-गाऊन नको. ह्यांना माझ्यातर्फे सांगा. एक तर एप्रिलअखेर आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, त्यात पॉलिस्टरचा काळा गाऊन म्हणजे पोराला घामोळं, आणि दुसरं म्हणजे सात वर्षांच्या मुलीनं पदवी घेतली तर बाविसाव्या वर्षी काय घेणार? तसंच "इयत्ता दुसरी उत्तीर्ण" असं शाळेसारखं सर्टिफिकेट छापून घ्यायचा मोहही आवरा, ते कुठंच चालत नाही आणि मुलांनाही कळतं की ते खोटं आहे. त्यापेक्षा ह्यांनाच कामाला लावा, दोघांना एकेक पत्र लिहू दे, हातानं, या वर्षी तुला काय जमलं, कुठं रडलास आणि तरी सोडलं नाहीस असं. बाबांनी ते सगळ्यांसमोर वाचायचं. वडील लोक याला फार टाळाटाळ करतात, टाइप करून फॉरवर्ड करतो म्हणतात, ऐकू नका.

वेळ संध्याकाळी सातनंतरची, गच्चीवर पाण्याची बादली मारून घ्या आधी. सगळा कार्यक्रम पाऊण तासाच्या आत. सुरुवात किंवा शेवट उपकारस्तुतीनं, म्हणजे देवाचे आभार मानून करा, चर्चचे पाळकसाहेब मोकळे असतील तर त्यांना बोलवा पण लांब संदेश नको अशी प्रेमानं आधीच विनंती करा. बायबलात पहिल्या शमुवेलच्या ७ व्या अध्यायात शमुवेल धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव देतो आणि म्हणतो, एथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले. मुलांना एकेक चपटा दगड शोधून आणायला सांगा, त्यावर रंगानं वर्ष लिहायचं आणि तो गच्चीच्या कठड्याजवळ ठेवायचा, दरवर्षी एक. "एथवर" म्हटलंय, पुस्तक संपेपर्यंत असं म्हटलेलं नाही, तेव्हा तुमच्या त्या सहा धड्यांची काळजी तिथं मिटावी. खायला धपाटे, शेंगा चटणी, दही आणि आमरस. वाढायला मुलं.

प्रश्न: नमस्कार. जुळे सोलापूरमध्ये राहतो, मुलगी १२ वर्षांची, घरीच शिकते. वर्षअखेरीचा घरगुती कार्यक्रम आम्हीही करतो, हौस आहे, पण मला काळजी कागदाची. हे कायदेशीर आहे का आणि पुढं दहावीचं काय? बायको म्हणते आनंदाच्या दिवशी हा विषय काढू नका.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे, त्या दिवशी नका काढू, दुसऱ्या दिवशी काढा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यात होमस्कूलिंगबद्दल स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही, परवानगी द्यायची पद्धतही नाही आणि आईवडिलांना शिक्षाही सांगितलेली नाही, म्हणून आपल्याकडे सगळेच या मधल्या जागेत शिकवतात. दहावीसाठी बहुतेक जण एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातात. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. किमान पाच विषय, परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, नोंदणी पाच वर्षं चालते. त्याआधी कागद हवाच असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा असते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरूनही दहावीला बाहेरून बसता येतं, पण तिथं आधीच्या शाळेचा दाखला मागतात, मुलगी कधी शाळेत गेली असेल तर तो जपून ठेवा.

वर्ष संपलं की लगेच एक बॉक्स फाइल करायची. प्रत्येक विषयाची दोन-तीन चांगली पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रोजेक्टचे फोटो, आणि वर तारीख. सुट्टीत करू म्हणाल तर वह्या रद्दीत गेलेल्या असतात, हे लिहून घ्या.

प्रश्न: ताई मी १३ वर्षांची आहे, होटगी रोडला राहते. आम्ही चार घरं मिळून क्लासिकल होमस्कूलिंग करतो आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन असतं. मला उभं राहून बोलायला अजिबात आवडत नाही, घसा सुकतो, गेल्या वर्षी मधेच विसरले आणि सगळे "हां हां, बोल बोल" करत राहिले. आई म्हणते बोलणं हाच या पद्धतीचा गाभा आहे, टाळून चालणार नाही. तुम्हीच सांगा तिला.

उत्तर: तुझ्या आईला मी एवढंच सांगीन की गाभा बरोबर आहे, पण तो स्टेजवर उभं राहूनच सिद्ध होतो असं कुणी सांगितलं? आणि तुला सांगते, अजिबात बोलायचं नाही ही सूट मिळणार नाही, मी आईच्याच वयाची आहे.

तुझ्या वयाला पाठ केलेलं म्हणून दाखवायचा कंटाळाच यायला पाहिजे खरं तर. तू एखादा प्रश्न घे आणि वाद मांड, बसून, समोर एकच माणूस, बाकीचे भोवती ऐकतील. विषय मी देते. सरकारचा कायदा मोडायचा हक्क माणसाला कधी असतो? आपल्या सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात काय झालं, मार्शल लॉ का लागला, ते आधी नीट वाच. मग बायबलातलं एका बाजूला रोमकरांस पत्र, अध्याय १३, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, आणि दुसऱ्या बाजूला प्रेषितांची कृत्ये ५:२९, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. एकदा ह्या बाजूनं बोल, एकदा त्या बाजूनं, आणि समोरच्यानं मधेच अडवायचं. बोलताना अडवलं की विसरायला वेळच मिळत नाही, घसा सुकलाय हेही लक्षात राहत नाही. चिठ्ठीवर मुद्दे लिहिलेले चालतील.

नाहीतर अजून एक कर, चारही घरांना सकाळी सात वाजता भुईकोट किल्ल्यात घेऊन जा, ऊन चढायच्या आत, आणि चालता चालता तू दाखव. बहमनी काळातला किल्ला, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. सगळ्यांचे डोळे बुरुजाकडे असतात, तुझ्याकडे कुणी टक लावून बघत नाही. तेही प्रेझेंटेशनच. गेल्या वर्षी "बोल बोल" करणाऱ्या काकांना मात्र आईकरवी सांग की विसरल्यावर गप्प बसायचं, मूल स्वतः सावरतं.

प्रश्न: आम्ही अशोक चौकात राहतो, पद्मशाली आहोत, घरात तेलुगू बोलतो. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबानं त्यांच्या मुलांच्या घरगुती शाळेच्या वर्षअखेरीला बोलावलंय. प्रार्थना असणार, तर आम्ही नेमकं काय करायचं? आणि माझ्या मुलीलाही काहीतरी म्हणून दाखवायचंय, विचारलं तर आगाऊपणा होईल का? भेट काय न्यावी?

उत्तर: प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तेव्हा तुम्ही शांत बसा किंवा उभे राहा, बास, तुमच्याकडनं काही म्हणायची कुणाची अपेक्षा नसते. आणि मुलीचं आजच विचारून टाका, आगाऊपणा कसला त्यात! तेलुगू कवी वेमनाची पद्यं तिला येत असतीलच, तुमच्याकडे आज्या शिकवतात, त्यातली दोन म्हणू दे आणि अर्थ मराठीत सांगू दे. पाठांतराची किंमत त्या घराला बरोबर कळते, खूश होतील. फक्त कार्यक्रमाच्या ऐन वेळी ढकलू नका, त्यांच्या मुलांचा दिवस आहे, कुठं बसवायचं ते त्या आईला ठरवू दे.

भेट म्हणून दोन जाड बाइंडिंगच्या कोऱ्या वह्या न्या, जूनला लागतातच, किंवा चांगला मराठी शब्दकोश, दोन्ही मुलांत मिळून एक. टॉवेलचा सेट नको, सोलापुरात कुणाच्या कपाटात जागा उरलीय!